मीटर नेटला लावलाय का मला?

रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि महिन्याची २० तारीख होती, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याचं ते रिटर्न, जीएसटीआर-३बी, भरायचं राहिलं होतं, कारण त्यानं खरेदीची बिलं साडेआठला आणून दिली होती. (दर महिन्याला आणतो. दर महिन्याला म्हणतो, "मॅडम, पुढच्या टायमाला लवकर.") आकडे टाकून झाले, चलन भरून झालं, शेवटचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर आला, त्यानं फोनवर सांगितला, मी टाकला. आणि स्क्रीनवरचं ते गोल फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं. ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तोही संपला. वरच्या मजल्यावरनं पुतण्याचा आवाज येत होता, "अरे पास दे की भावा, पास दे!"

शेवटी मोबाईलच्या नेटवर कॉम्प्युटर जोडला आणि पावणेबाराला रिटर्न भरलं. जिन्यातनं वर जाताना मी ठरवलं की या घरात कोण किती नेट खातंय ते मला बघायचंय. कोण खातंय ते मला माहीत होतंच म्हणा. फक्त पुरावा पाहिजे होता.

बावड्यात आमचं घर आहे. खाली जुनी दगडी खोल्यांची रांग, तिथे आई-आबा आणि माझं ऑफिस. पहिल्या मजल्यावर आम्ही दोघं, दुसऱ्यावर भाऊजी, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा, गच्चीवरच्या खोलीत शिकणाऱ्या दोन मुली भाड्यानं. माणसं ९, फायबरची लाइन एक. बिल निम्मं आम्ही, निम्मं भाऊजी, मुली दोघी मिळून २०० देतात. प्लॅन १०० एमबीपीएसचा. म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट असं मी तीन वर्षं समजत होते. पण ते मेगाबिट असतात, आणि बाइट म्हणजे आठ बिट. १०० एमबीपीएसला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येतात. आयुष्यभर पैशापैशाचा ताळा करणारी बाई मी, आणि एकक वाचलं नव्हतं.

कंपनीनं दिलेल्या डब्याचं, म्हणजे राऊटरचं, पान उघडून पाहिलं. तिथं जोडलेल्या उपकरणांची यादी होती, पण कोणी किती वापरलं याचा रकानाच नाही. म्हणजे सभासदांची यादी आहे आणि खातेवही नाही, अशी पतसंस्था. चार-पाच संध्याकाळी वाचण्यात गेल्या. त्यातनं ओपनडब्ल्यूआरटी सापडलं. २००३ साली लिंक्सिस कंपनीला आपल्या एका राऊटरच्या आतला प्रोग्राम खुला करावा लागला, त्यातनं पुढे लोकांनी २००४ पासून ही स्वतःची प्रणाली वाढवली. फुकट आहे आणि बऱ्याच राऊटरांवर चढते. राजारामपुरीत एका दुकानात तसला जुना राऊटर १,८०० रुपयांना मिळाला. चढवताना एकदा हात थरथरला, कारण मध्येच लाइट गेली असती तर डबा गेला असता. बावड्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून इन्व्हर्टरवर लावून चढवलं.

एक गोष्ट आधी करायला पाहिजे होती ती मी आठ दिवसांनी केली, ती म्हणजे कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करणं. ते चालू असल्यामुळे निम्मं घर मागच्या दारानं जात होतं आणि माझा मीटर पुढच्या दारात बसला होता.

मीटरचं नाव एनएलबीडब्ल्यूमॉन. नाव उच्चारता येत नाही, पण काम सरळ आहे: कुठल्या उपकरणानं किती घेतलं, किती पाठवलं, दोन रकाने. अगदी नावे-जमा. मला एवढंच पाहिजे होतं. पहिल्या दिवशी यादीत २७ उपकरणं निघाली. ९ माणसांत २७! मी खरोखरची खतावणी घेतली, लाल कापडी बांधणीची, आणि घरभर हिंडून प्रत्येक उपकरणाच्या पत्त्याचं, म्हणजे राऊटर त्याला ज्या क्रमांकानं ओळखतो त्याचं, खातं उघडलं. मोबाईल ओळखू आले, टीव्ही ओळखू आले. 'ईएसपी' अशा नावाचं एक कोण ते दोन दिवस कळेना. आईंना वाटलं शेजारच्यांनी पासवर्ड चोरलाय. शेवटी ते पाण्याच्या मोटारीचं प्लग निघालं, भाऊजींनी मोबाईलवरनं मोटार बंद करायला लावलेलं. त्याचा दिवसाचा वापर इतका किरकोळ होता की मला त्याच्याबद्दल माया वाटली.

आठवडा पुरा व्हायच्या आधीच मी पुतण्याला ५ एमबीपीएसचं लगाम लावलं. पुरावा नंतर येईल, शिक्षा आधी. आमच्या शाळेतही असंच होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई जिन्यात भेटल्या. "अक्का, आमच्याच पोराला का? टीव्ही तर सगळ्यांचे चालतात की." त्या मला कधी उलटून बोलत नाहीत. आमच्यात मोठ्या जावेला अक्का म्हणतात आणि अहो-जाहो करतात, त्यामुळे भांडणसुद्धा फार अदबीनं होतं. मी म्हटलं, बघू या की आठवडाभर. आणि गंमत म्हणजे पोराचा वापर दुसऱ्याच दिवसापासून शून्यावर आला. मला आधी वाटलं रुसून बसलाय. मग यादीत २८ वं उपकरण दिसलं. अँड्रॉइड १० पासून मोबाईल वायफायला स्वतःचा खरा पत्ता न देता बनवलेला पत्ता देतो, कोणी माग काढू नये म्हणून. सेटिंगमध्ये जाऊन खरा किंवा बनवलेला, कुठला वापरायचा ते बदलता येतं. माझा नियम एका पत्त्यावर होता, पोरगं दुसऱ्या पत्त्यावर राहायला गेलं होतं. मी काही बोलले नाही. थोडं कौतुकच वाटलं, ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून भाजी निवडत बसले.

आठवड्याचा ताळेबंद मांडला आणि मीच चाट पडले.

पोराच्या गेमचा वापर तासाला शंभर-सव्वाशे एमबी. बस. गेमला माल लागतच नाही, त्याला लागते ती वेळेवर पोच. तो इतका ओरडायचा ते नेट खात होता म्हणून नव्हे, त्यालाही माझ्याइतकंच अडकत होतं म्हणून. घेण्याच्या रकान्यात पहिला नंबर आबांच्या टीव्हीचा. आबा दुपारी कुस्त्या लावतात, खासबागेतल्या, कुंडलच्या, कुठकुठल्या, आणि दहा मिनिटांत घोरायला लागतात. टीव्ही एकामागनं एक मैदान लावत राहतो, तेही 'फोर-के'त. अंदाज यावा म्हणून सांगते: नेटफ्लिक्सचा स्वतःचा आकडा एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत आहे. बाकीच्यांचंही साधारण तसंच धरायचं. म्हणजे आबांची एक झोप पोराच्या महिनाभराच्या खेळाएवढी.

पण खरा धक्का पाठवण्याच्या रकान्यात होता. हा रकाना मी सुरुवातीला बघतच नव्हते. आपण नेट 'घेतो' असंच डोक्यात असतं ना. तिथं ४ उपकरणं ओळीनं बसली होती, प्रत्येकी दिवसाला एकवीस-बावीस जीबी. भाऊजींचे कॅमेरे. गेटवर, जिन्यात, गाडीपाशी आणि मागच्या गोठ्यापाशी. (गोठ्यात म्हैस नाही, १० वर्षांपूर्वी विकली. जुनी कॉटं आणि एक एम-८० आहे.) चारही कॅमेरे रात्रंदिवस, काही हलो न हलो, सगळं चित्रण कुठल्याशा सर्व्हरवर पाठवत होते. एक कॅमेरा २ एमबीपीएसनं. २ भागिले ८, गुणिले दिवसाचे ८६,४०० सेकंद: २१.६ जीबी. चौघांचे ८६.४. महिन्याचे जवळपास २,६०० जीबी, रिकाम्या गोठ्याच्या राखणीसकट.

मग मी प्लॅनचे कागद काढले, जे कनेक्शन घेताना काढायला हवे होते. 'अमर्याद' असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात महिन्याला ३,३०० जीबी, येणं-जाणं दोन्ही धरून, त्यापुढे वेग ४ एमबीपीएस. आमचा दिवसाचा सगळा वापर भरत होता १३७ जीबीच्या आसपास. ३,३०० भागिले १३७ म्हणजे २४ दिवस. आणि आमचा प्लॅन सुरू होतो दर महिन्याच्या २६ तारखेला. २६ पासून २४ दिवस मोजा बोटांवर, मी खतावणीच्या कडेला मोजले. ३० दिवसांचा महिना असला तर १९ तारखेला संपतात.

म्हणजे २० तारखेलाच नेट मरतं ही माझी अंधश्रद्धा नव्हती. २० उजाडायच्या सुमारास लाइन ४ एमबीपीएसवर यायची आणि चार कॅमेऱ्यांना हवे असायचे ८. माझा ओटीपी त्या चौघांच्या मागं उभा. तीन वर्षं मी त्या लेथवाल्याला शिव्या देत होते.

भाऊजींशी बोलणं सोपं नव्हतं. त्यांचं म्हणणं, "वहिनी, चोर काय सांगून येतोय?" मी म्हटलं, चोर येईल तेव्हा हलेल ना? मग हललं तरच पाठवू दे, बाकी सगळं कॅमेऱ्यातल्या कार्डावर राहू दे. १२८ जीबीच्या कार्डावर पाच-सहा दिवसांचं बसतं, मग जुनं पुसून नवं. दोन दिवस त्यांनी विचार केला. गल्लीत एकाची मोटारसायकल गेली होती, त्याचं उदाहरण त्यांनी दोनदा दिलं. शेवटी गेटचा कॅमेरा पूर्वीसारखाच चालू ठेवायचा आणि बाकी तिघांना कार्ड घालायचं, यावर तोडगा निघाला. गोठ्याच्या कॅमेऱ्यात आता दिवसातनं दोनदा मांजर येतं तेवढंच.

तरी एक दुखणं शिल्लक होतं. महिन्याच्या सुरुवातीला, कोटा भरपूर असताना, संध्याकाळी आठ-साडेआठला सगळं जड व्हायचं. मीटरवर बघावं तर लाइन पुरती भरलेलीही नसायची, घेण्याची बाजू निम्म्यावर रिकामी. मी पिंग लावून ठेवलं, म्हणजे एक बारीकसं पाकीट पाठवायचं आणि परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. लाइन मोकळी असताना ९ मिलिसेकंद. आठ वाजता ७००. त्याच वेळी पाठवण्याच्या रकान्यात जाऊबाईंचा मोबाईल वर चढलेला. माहेरच्या लग्नातले व्हिडिओ, दिवसभर साठलेले, घरी येऊन चार्जिंगला लावलं की बॅकअपला सुटायचे. आणि प्लॅनचे १०० हे फक्त येण्याचे होते, जाण्याचे २०. हेही बारीक अक्षरात.

पाठवणं अडलं तर घेणं का अडावं? हे मला माझ्या धंद्यातनं कळलं. आलेल्या प्रत्येक मालाची पोच द्यावी लागते. पोच गेली नाही तर तिकडचा पुढचा माल सोडत नाही. पोच म्हणजे कागदाचा चिटोरा, पण तो व्हिडिओच्या ट्रॉल्यांमागे उभा राहिला तर संपलं.

आबांनी हे ऐकलं. आबा एका साखर कारखान्यात चिटबॉय होते, हयात तोडी, म्हणजे ऊस तोडायच्या चिठ्ठ्या, देण्यात गेली. पलंगावरनंच म्हणाले, "यार्डात जास्ती गाड्या घेतल्या म्हणून गाळप वाढत न्हाई. नुसता ऊस वाळतोय. तोडच कमी द्यायला पायजे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कारण अगदी हेच मी आदल्या रात्री वाचलं होतं. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरला २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या लाइनवर हेच दिसलं, की फाइल पाठवायला लावली की बाकी सगळं सेकंदभर मागं पडतंय. कारण निघालं असं की डबे बनवणाऱ्यांनी आत साठवणीची जागा अवाढव्य ठेवली होती, एकही पाकीट वाया जाऊ नये म्हणून. चांगल्या हेतूनं मोठं केलेलं यार्ड. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडायचा वेग तेवढाच, मागं दोन मैल ट्रॉल्या, आणि त्यांच्या शेवटी सायकलवर एक माणूस पोच घेऊन. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर कोडेल नावाची रीत काढली. ती रांग किती लांब ते बघतच नाही, पाकीट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघते. तो वेळ १०० मिलिसेकंदभर सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर एखादं पाकीट मुद्दाम टाकून देते. पाठवणाऱ्याला समजतं की पुढं दाटी आहे, तो आपोआप हात आखडता घेतो. तोड कमी होते.

ओपनडब्ल्यूआरटीत याच्या पुढची आवृत्ती मिळते, केक नावाची. तिला एकच गोष्ट सांगावी लागते: लाइनचा वेग खऱ्यापेक्षा थोडा कमी. मी १०० च्या जागी ९० लिहिले आणि २० च्या जागी १८. थोडं सोडून द्यायचं ते एवढ्यासाठी की रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या दारात लागावी, जिथं नंबर लावणारा आपला माणूस आहे. एक खूण अजून केली, की वाटणी उपकरणावर व्हावी. एका मोबाईलनं शंभर दारं उघडली तरी हिस्सा एकच. आणि ही वाटणी फक्त दाटी असेल तेव्हाच. दुसरं कोणी नसेल तर रात्री बाराला पोरानं सगळे ९० घ्यावेत, कोणाचं काय जातंय? माझा तो ५ चा लगाम यापुढे किती मूर्खपणाचा होता ते तेव्हा कळलं. मोकळ्या पाटातलं पाणी ओढ्याला जाऊ द्यायचं, पण पोराच्या वाफ्यात सोडायचं नाही.

संध्याकाळी आठला पिंग १५. जाऊबाईंचं लग्न वर चढतच होतं.

(वायफायचं म्हणाल तर ते वेगळं प्रकरण. दगडी भिंतीतनं ते जात नाही ते नाहीच. शेजारच्यांचे डबे ज्या चॅनलवर नाहीत तो बघून १, ६ किंवा ११ लावा. मी माझ्या टेबलापर्यंत सरळ १८ मीटर वायर ओढली आणि मोकळी झाले.)

आता जे सांगायचंय ते सांगायला मी हा लेख दोनदा टाळला.

मीटर लावल्यापासून रोज सकाळी चहाबरोबर मी तो उघडत होते. गरज संपली होती, पण सवय लागली होती. मीटर 'किती' ते सांगतो, 'काय' ते सांगत नाही, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण किती आणि कधी एवढं कळलं तरी पुष्कळ कळतं. वरच्या दोघींपैकी एक घरी गेली आणि परत आली नाही, हे मला तिच्या मैत्रिणीच्या आधी माहीत होतं. आमचे हे ऑफिसच्या दिवशी दुपारी घरी येऊन झोपून जातात, हेही कळलं. आणि जाऊबाईंचा मोबाईल रोज रात्री दोन ते चार चालू असतो, हे दिसत होतं. दोन-तीन आठवडे मी ते बघितलं. मग एकदा पोळ्या करताना, अगदी सहज, काळजीनंच, मी विचारलं, "रात्री झोप लागत नाही का गं?"

त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "तुम्हाला कसं कळलं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. एरवी त्या 'मी येतो, मी करतो' असं आमच्या कोल्हापुरी थाटात बोलतात, पण त्या दिवशी एकदम शुद्ध पुस्तकी बोलल्या. "अक्का, तुम्ही मीटर नेटला लावलाय का मला?"

पाळी जायचे दिवस आहेत त्यांचे. झोप उडते, अंग तापतं, मग पडल्या पडल्या रेसिप्या बघत बसतात, आवाज बंद करून, भाऊजी जागे होऊ नयेत म्हणून. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आठ-दहा दिवसांनी. मला सांगायचंच नव्हतं असं नाही, पण स्वतः सांगायचं होतं, असंही म्हणाल्या. माझं त्यावर उत्तर नव्हतं, अजून नाही. मी स्वतः त्यातनं दोन वर्षांपूर्वी गेले होते, आणि मला विचारायला मीटर लागला.

त्याच रात्री मी मीटर काढून टाकला. फक्त दिवसाची बेरीज उरते, घराची एकच, कोणाच्याही नावाची नाही. कोट्यासाठी तेवढी पुरते. केकला माणसं ओळखावीच लागत नाहीत. गच्चीवरच्या मुलीलाही सगळं सांगितलं, आधी काय दिसत होतं आणि आता काय दिसत नाही ते. ती 'ठीक आहे काकू' म्हणाली, पण दोन दिवस तिनं मोबाईलचंच नेट वापरलं असावं. बेरजेवरनं नव्हे, जिन्यात ती माझी नजर चुकवत होती त्यावरनं म्हणते. खतावणीची ती पानं मी फाडली. पुढची कोरी आहेत, त्यात आता दुधाचा हिशोब लिहिते.

आबांच्या टीव्हीचं फोर-के मी त्यांना विचारून खाली आणलं. "पैलवान ओळखू येतोय न्हवं? मग बास," म्हणाले, आणि झोपले.

परवा २० तारीख होती. लेथवाला नवाला आला, सव्वानऊला त्याचं काम झालं. वरनं पुतण्या धावत खाली आला, मोबाईल दाखवायला. गेमच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरात १४ आलं होतं. "काकू, नाद खुळा!"

मी म्हटलं, मग आता तुझा खरा पत्ता लाव की. कशाला लपतोस?

"लावला होता मागच्या महिन्यात," तो म्हणाला. "तुमचा तो पाचचा नियम अजून तिथंच आहे."